मूठभर रुईबाबत

मी, भागीरथा बाबाराव थूल, वय बासष्ट (शाळेच्या दाखल्यावर साठ आहे, दाखला चूक आहे), राहणार समुद्रपूर, जिल्हा वर्धा, जिनाच्या फाटकासमोर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर म्हणतात छातीत रुई बसली, पण ती छातीतच आहे, वर चढलेली नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला एक जण आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवले. त्याचे नाव कलम दोनमध्ये येईल.

तहसीलीबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकाकडून हे लिहून घेतले नाही, कारण त्याची खुर्ची चहाच्या टपरीला लागून आहे आणि त्याचे तोंड खुर्चीपेक्षा टपरीकडे जास्त असते. एका वकिलाला फक्त दोन प्रश्न विचारले, तेही नाव न सांगता. मी सातवी पास आहे. शुद्धलेखनाच्या चुका निघतील, पण मजकुरात कोणी चूक काढू नये. या आधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे आणि दाखवणाऱ्याचे खिसे तपासावेत.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिते. माझे यजमान बाबाराव याच जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवर होते. ते १९८९ साली वारले. आम्हाला मूल नाही. पुढच्या हंगामात जिनाचे मॅनेजर मधुकरराव यांनी मला कामावर घेतले. काम काय, तर सुटी झाली की फाटकाशेजारच्या टिनाच्या खोलीत एकेका बाईला बोलवायचे आणि तिच्या अंगाची झडती घ्यायची. गड्यांची झडती चौकीदार घेत असे, बायांची मी. १९९० पासून २००६ पर्यंत, कापसाच्या सोळा हंगामांत समुद्रपूरच्या निम्म्या बायांच्या अंगावरून माझा हात फिरला आहे. मला कोणी लग्नाला बोलवत नसे. बोलावले तर अक्षता टाकताना माझ्याकडे पाठ करत.

कलम १. मी मेल्यावर तेरवी, पिंड काही करू नये. विहारात वंदना घ्यावी आणि आलेल्यांना चहा द्यावा. कपबश्या योगेंद्र किराणावाल्याकडून आणाव्यात, परत देताना त्याच्यासमोर मोजून द्याव्यात.

कलम २. माझा पुतण्या अश्वजित, राहणार आंजी (मोठी). मला खोकल्यात रक्त पडल्याचे कळल्यापासून तो महिन्यातून दोनदा येतो. त्या आधी चार वर्षांत दोनदा आला होता. येतो तेव्हा "काकू, कशी हाये तब्येत?" असे विचारतो आणि उत्तर येईपर्यंत छपराचे टिन बघतो. एकदा मी म्हटले, "अकरा हाये, मोजून राह्यला तं सांगतो." तो हसला. माझ्या धंद्यात जी अशी हसली तिच्या डब्यात सरकी निघाली आहे. त्याला बाबारावांची सायकल द्यावी, पंपासकट. त्याची बायको मयुरी मात्र आली की आधी माझी भांडी घासते आणि मग बोलते. तिच्यावरही मी दीड वर्ष नजर ठेवली. भांडी जितकी होती तितकीच आहेत. तिला काय द्यायचे ते ठरले की पुढे लिहीन.

कलम ३. माझा दाभण. हा गोणपाट शिवायचा दाभण असला तरी मी तो गाठोडी टोचायला वापरला. गाठोड्यात सरकी असली की टोक अडते, भाकर असली की सरळ जाते. हा दाभण आता माझ्या जागेवर असलेल्या प्रमिलाबाईला द्यावा. पोरगी चांगली आहे, पण भोळी आहे, आणि झडतीवाली भोळी असून चालत नाही. तिच्यासाठी दाभणासोबत चार गोष्टी लिहून ठेवते. जिनाने त्या मला कधी विचारल्या नाहीत.

प्रमिला, जी बाई आत येताच "बाई, जेवल्या का?" विचारते तिचा अंबाडा आधी सोड. जी चिडते, हात झटकते, "लवकर कर वं" म्हणते, ती बहुतेक रिकामी असते. सरकी सगळ्यात जास्त जाते ती कडेवरच्या लेकराच्या टोपड्यात. लेकरू उचलून घे, वजनावरून कळते, आणि लेकराला रडवू नको. चोरटी बाई नवीन नसते. नवीन बाई घाबरते. तिसऱ्या हंगामाची बाई घाबरत नाही, तिच्यावर लक्ष ठेव. आणि एक गोष्ट मी नीट पाहिली आहे. ज्या शनिवारी मजुरी चुकली त्याच्या पुढच्या सोमवारी सरकी दुप्पट सापडते. ज्या वर्षी पिण्याच्या पाण्याचा माठ उन्हात ठेवला त्या वर्षी मशीनचे पितळी नट चोरीला गेले. बाया शेळीसाठी ओंजळभर सरकी नेतात तेव्हा त्यांना ती चोरी वाटत नाही, हिशेब मिटवल्यासारखे वाटते. मी हे मधुकररावांना सांगितले होते. ते म्हणाले, "भागीरथाबाई, तुले पकडाले ठेवलं, शिकवाले नाई." तेव्हा तू पकड, पण कोणत्या दिवशी काय सापडते ते मनात ठेव. शेठ बदलला तर उपयोगी पडेल.

कलम ४. माझी शिट्टी मधुकररावांना द्यावी. चोर सापडला की ती वाजवायचा हुकूम होता. मागच्या फाटकातून सरकीचे ट्रक जात, त्यांच्यासोबत मधुकररावांच्या सहीची चिठ्ठी असे आणि काट्यावर वजन करायला मधुकररावांचाच साळा उभा असे. माझ्याजवळ पुरावा नाही, म्हणून मी काही लिहीत नाही. ट्रकच्या कमरेला मला हात लावू दिला नाही, एवढेच लिहिते. त्या वेळची शिट्टी वाजवायची राहिली आहे.

कलम ५. हे कलम लिहायला मला पंधरा दिवस लागले आहेत. ज्याला घाई असेल त्याने आधीची कलमे सोडावीत, पण हे वाचावे.

माझे राहते घर, दोन खोल्या, मोरी, मागची बोर आणि अकरा टिन, हे मी अनुसयाबाई तानबा भोयर, राहणार समुद्रपूर, हिला देत आहे. ती माझी नात्याची नाही. जातीची नाही. मैत्रीण तर नाहीच. कारण खालीलप्रमाणे.

दर वर्षी दसऱ्यानंतर जिनात काट्याची पूजा होते. कापूस ही लक्ष्मी, म्हणून पूजा झाल्यावर मधुकरराव सगळ्या बायांना उभे करून सांगत की जिची पाळी असेल तिने चार दिवस कामावर यायचे नाही, कापसाच्या गंजीला हात लावायचा नाही, विटाळ होतो. आमच्यात हे मानत नाहीत. पण ज्या मानत होत्या त्यांनाही महिन्याचे चार दिवस घरी बसणे परवडणारे नव्हते. म्हणून सगळ्या येत आणि सगळ्या लपवत. घरून कापड आणले तर ते धुवायला, वाळवायला जागा नाही, आणि दोरीवर दिसले तर बोंब. मग बाया काय करत, तर समोर जो डोंगर पडला आहे त्यातलीच मूठभर रुई घेत. एक अंगावर असे, एक घरी पोचेपर्यंतची म्हणून कमरेला खोचलेली असे.

माझ्या हाताला ती मूठ रोज कोणाच्या ना कोणाच्या कमरेला लागत असे. मी मान फिरवून "जाय" म्हणत असे. हे मला कोणी शिकवले नाही. माझी पाळी जाईपर्यंत मीही तेच केले. जिनाचा माल फाटकाबाहेर गेला म्हणजे कायद्याने चोरी, हे मला तेव्हाही कळत होते. पण ती मूठ मोजायची नाही, असे आम्हा बायांमध्ये न बोलता ठरले होते.

१९९६ च्या जानेवारीत मागचा महिनाभर माझ्या हाती एकही चोरी लागलेली नव्हती. थंडी होती, मजुरी वेळेवर मिळत होती, त्यामुळे असेल. मधुकररावांनी मला बोलावले आणि म्हणाले, "महिनाभर एक पकड नाई. साऱ्या बाया एकदम साधू झाल्या, का तू बी त्याईच्यात सामील झाली?" आणि त्या दिवशी चौकीदाराला सांगून त्यांनी माझाच डबा उघडायला लावला. गड्यांसमोर. डब्यात भाकरीचा अर्धा तुकडा होता. मी सहा वर्षे लोकांचे डबे उघडले, पण स्वतःचा उघडताना कसे वाटते ते मला त्या दिवशी कळले. कळून मी शहाणी व्हायला पाहिजे होते. मी घाबरले.

शनिवार, २० जानेवारी. रांगेत अनुसया होती. तेव्हा तिशीची असेल. मशीनला कापूस घालायचे काम करी. जिभेची तिखट. आठवडाभर आधी नळावर ती बायांना म्हणाली होती, "भागीरथा हात लावते तं अंगावरून पाल गेल्यावानी वाटते." मी मागे उभी होते. बाया हसल्या. ते हसणे माझ्या मनात होते, हे मी शपथेवर लिहिते. नोकरीची भीती एक, आणि ते हसणे दुसरे. कोणते जास्त होते ते मला आजही सांगता येत नाही.

तिच्या कमरेला मूठ लागली. ती कशाची, हे मला हात लागताक्षणी माहीत होते. तिने नेहमीसारखी माझी मान फिरायची वाट पाहिली. मी शिट्टी वाजवली.

मधुकरराव आले, प्रेसवरचे गडी आले, वीस-पंचवीस माणसे जमली. मधुकररावांनी ती रुई हातात धरून विचारले, "काऊन घेतली?" अनुसयाने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही. तिने खरे कारण सांगितले असते तर विटाळ केला म्हणून तिला काढले असतेच, वर दुसऱ्या दिवसापासून दर बाईला फाटकावर "तुझी पाळी हाये का?" असे विचारले गेले असते. हे तिने तेवढ्या वेळात जोखले. ती म्हणाली, "घेतली." बस, एवढेच.

फाटकाच्या आत भिंतीवर एक फळा आहे. त्यावर चोरीत सापडलेल्यांची नावे पांढऱ्या ऑइलपेंटने लिहितात, म्हणजे पावसाने जात नाहीत. अनुसयाचे नाव सातवे आहे. हिंगणघाटपर्यंत एकाही जिनाने तिला पुन्हा उभे केले नाही, मॅनेजर लोक एकमेकांना नावे कळवतात. तिचा नवरा तानबा हमाली करायचा, त्याने बाजारात चहाला बसणे सोडले. मुलगी प्रेरणा चौथीत होती, तिला शाळेत पोरे "रुईचोर" म्हणत. बारा वर्षे अनुसया दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते. माझ्या दारावरून जाते. बारा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि माझ्याविरुद्धही कोणाला एक शब्द बोलल्याचे मी ऐकले नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. वाटायचे, ही काहीतरी बेत करून राहिली आहे. सवयीने वाटायचे.

खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून हेही लिहिते. माझ्या मनात आजही शंका येते की त्या हंगामात अनुसयाने कधी ओंजळभर सरकी नेलीच नसेल कशावरून? पण त्या दिवशीची मूठ चोरीची नव्हती. मला माहीत होते. मी तिला जाणूनबुजून चोर केले. याची मला लाज वाटते. मी मेल्यावर हे कलम वाचून तिला घर द्यावे आणि तिचे नाव साफ करावे.

येथपर्यंतचा मजकूर दि. २१ फेब्रुवारी २००८ रोजी लिहिला. सही केली नव्हती.

पुढील मजकूर दि. २ मार्च २००८ रोजी जोडत आहे. कलम ५ मधील घर देण्याची तरतूद रद्द समजावी. का, ते सांगते.

ज्याला घर द्यायचे तो घेईल की नाही हे आधी बघावे, असे मला वाटले. लोक फुकटचेही विकून टाकतात. म्हणून २४ तारखेला, रविवारी, कागद घेऊन मी अनुसयाच्या घरी गेले. ती तूर पाखडत होती. तानबाने मला पाहिले आणि उठून बाहेर गेला. प्रेरणा आता नर्स आहे, सुटीला आली होती, तिने मला बसायला पाट दिला. मी कलम पाच वाचले. खोकल्याने दोनदा थांबले. वाचून झाल्यावर अनुसयाने सूप खाली ठेवले.

"घर मले काऊन देऊन राह्यली?"

"तुह्यं नुकसान केलं म्या."

"अन् तुह्या घरात मी राह्यली तं लोक काय म्हणतीन? म्हणतीन हे बी चोरलं. म्हातारीले गोड बोलून लिवून घेतलं म्हणतीन." मग म्हणाली, "तू मरशीन, मंग हा कागद निंगन. तवा तुले कोन विचारन? मले विचारतीन. म्हणजे मेल्यावर बी तू सुटली अन् मी हायेच."

मी विचारले, "मंग काय पायजे तुले?"

"जित्तेपणी सांगजो. फाटकावर. शनिवारी, सारे असतीन तवा. अन् रुई कशाची होती, ते बी सांगजो."

"ते कसं सांगू वं, एवढ्या माणसांत?"

"मी एवढ्याच माणसांत बारा वर्स चोर राह्यली," ती म्हणाली. "तुले एक घडी नाई होत?"

मी घरी आले. मला राग आला होता, तिचाच. सहा दिवस मी मनाशी तिचे दोष काढत बसले. बरेच निघाले, पण एकही कामाचा नव्हता.

काल शनिवारी सुटीच्या वेळी मी फाटकावर गेले. झडतीच्या खोलीतले बाक प्रमिलाने बाहेर आणून दिले, मी त्यावर चढले. अनुसया रस्त्याच्या पलीकडे उभी होती, प्रेरणासोबत. मी जे बोलले ते असे: "अनुसयानं चोरी नाई केली. तिची पाळी आलती, रुई त्याच्यासाठी होती. मले हात लागला तवाच मालूम होतं. मी माह्या नौकरीसाठी शिट्टी वाजवली. तशी रुई म्या बी घेतली हाये."

गडी खाली पाहू लागले, दोघे-तिघे हसले. मधुकरराव ऑफिसातून आले आणि म्हणाले, "भागीरथाबाई, तब्येत ठीक नाई तुमची, घरी जा. चला रे, चला." तेव्हा प्रमिलाने फाटक लावून घेतले. म्हणाली, "अजून झडती व्हायची हाये, कोनी जाऊ नका." ती भोळी आहे असे मी वर लिहिले आहे. ते मागे घेते. मला सगळे पुन्हा एकदा मोठ्याने सांगावे लागले, कारण प्रेसवाल्यांना ऐकू आले नव्हते.

बाया माझ्यावर खूश झाल्या असे कोणी समजू नये. त्यांच्यातली रुख्माबाई माझ्या तोंडावर म्हणाली, "तुह्यं पाप धुवाले आमचं काऊन उघडं केलं? सोमवारपासून आमाले विचारतीन." तिचे बरोबर आहे. फळ्यावरचे नाव अजून तसेच आहे, मधुकरराव म्हणतात शेठच्या हुकमाशिवाय पुसता येत नाही. म्हणून आता घराची व्यवस्था अशी:

माझे घर मयुरी अश्वजित थूल हिच्या एकटीच्या नावे व्हावे, अश्वजितच्या नाही. अट अशी की पुढची खोली आणि मोरी जिनातल्या बायांसाठी सकाळपासून सुटीपर्यंत उघडी ठेवावी. तिथे धुतलेले कापड, पाणी आणि मागे वाळवायला आडोसा असावा. माझ्या पोस्टातल्या बचतीच्या पुस्तकातून आधी त्याचा खर्च करावा. कापड मिळाले तर रुईची मूठ कोणाला लागणार नाही आणि फाटकावर कोणाला काही विचारायचे कारण राहणार नाही. चोरी अडवायचा एवढा स्वस्त उपाय समोर असताना मला सोळा वर्षांत सुचला नाही. मयुरीने अट मोडली तर घर विहाराला जावे. तिच्यावर लक्ष ठेवायला प्रमिला समर्थ आहे. शेठकडे अर्ज करून सातवे नाव पुसून घेण्याचे कामही मयुरीचेच.

वकिलाला माझा दुसरा प्रश्न हा होता की जिला मालमत्ता द्यायची तिची साक्ष चालते का. तो म्हणाला, घेऊ नये, वाद निघतो. आता अनुसयाला काही द्यायचे नाही, तेव्हा मी तिला साक्षीसाठी विचारले. तिने लगेच हो म्हटले नाही. काल रात्री तोपर्यंत लिहिलेला कागद ठेवून घेतला, प्रेरणाकडून तीनदा वाचून घेतला, पानांचे आकडे तपासले, आणि आज सकाळी शाईची दौत स्वतःची घेऊन आली.

तिला ओंजळभर सरकीच्या शंकेचे वाक्य दाखवून मी म्हटले, "हे खोडतो मी." अनुसया म्हणाली, "नको खोडू. राहू दे. ते असलं तं लोकाईले पटन का कागद तूच लिवला."

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, शुद्धीत लिहिले आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, दोन्ही ठिकाणी माझी सही आहे. तिसरी खाडाखोड दिसली तर ती माझी नाही.

ठिकाण : समुद्रपूर, जि. वर्धा
दिनांक : २ मार्च २००८, रविवार

लिहून देणार : भागीरथा बाबाराव थूल (सही)

आम्ही खाली सही करणारे, लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली हे पाहिले आणि मग आम्ही तिच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला : योगेंद्र जयस्वाल, वय ४४, धंदा किराणा दुकान, राहणार समुद्रपूर (सही)

साक्षीदार दुसरी : अनुसया तानबा भोयर, वय ४२, राहणार समुद्रपूर. धंदा, तिने सांगितला तसा प्रेरणाने लिहिला : पूर्वी जिनात मशीनवर, सध्या वेचणी. चोरी केली नाही. (डाव्या अंगठ्याचा ठसा)